ढाळ

मी खडूवाली होते.
हान्द्री कोवार प्रत्येक तुळईवर हातोडीचा दांडा वाजवायचा,
कान लावायचा, आत पोकळ नाही ना ते बघायचा,
मग आकडा सांगायचा, आणि मी लिहायचे,
लाकडावर खडूनं, वहीत पेन्सिलीनं:
पूर्वेची भिंत, वरचा मजला, आडवी, एकशे बारा.

तो मोजायचा आईकडून आलेल्या सोर्बी भाषेत.
येडीन, द्वाय, त्सी, श्तीरी.
मी उतरवायचे जर्मनमध्ये.
ह्या बोटावरून त्या बोटावर जाताना
एकदा सदतीस हरवला.
अख्खी दुपार शोधला. शेवटी भाकरी खायला
बसलो होतो तेच लाकूड सदतीस निघालं.

गावाचं नाव नकाशावर होलेनाउ,
चुलीपाशी होलानी.
गावाखाली कोळसा होता.
म्हणजे तो आधीपासूनच होता,
सरकारच्या लक्षात आता आला होता.
चर्च सुरुंगानं गेलं, बेकरी बुलडोझरनं,
सफरचंदाची झाडं तर कुणी मोजलीच नाहीत.
उमरावाचं घर तेवढं हलवायचं ठरलं.
ते सोळाशे ऐंशीचं होतं,
आणि कागदावर शिक्का होता.

कुडाच्या भिंती उकरल्या.
माती-पेंढ्यात राईची कणसं निघाली, अजून पिवळी.
ओला गिलावा दाबणाऱ्या कुणाचा तरी अंगठा निघाला,
आणि त्याला लागून मांजराचा पंजा.
वहीत ठशांसाठी रकाना नव्हता.

बैठकीत वर सहकारी शेतीच्या कचेरीचा हिरवा ऑइलपेंट,
त्याखाली सिलेशियाहून पळून आलेल्या सहा कुटुंबांच्या
कोळशानं मारलेल्या रेघा, कुणाची हद्द कुठवर,
त्याखाली उमरावीणबाईंची निळी फुलं,
आणि सगळ्यांत आत, उघड्या ओकवर,
छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे.
हान्द्री कितीतरी वेळ त्यांवरून नख फिरवत राहिला.
म्हणाला, हे बघ, आपल्याआधीचा खडूवाला.
रानात जमिनीवर मांडलं, खुणा केल्या, सुटं केलं,
इथे आणून उभं केलं.
हे घर आलं तेच बैलगाडीतून.

आता अकरा ट्रक. ताडपत्र्या.
ऐंशी किलोमीटर, दोन हिवाळे.
खाचेत कुसू, कुसवात मेख.
वस्तुसंग्रहालयाचे इंजिनिअर दर शुक्रवारी यायचे
आणि खिशातून पाणसळ काढायचे.
बुडबुडा मधोमध आला की त्यांचा चेहराही
मधोमध यायचा.

उद्घाटनाला वोर्शा आली.
चौदाव्या वर्षापासून ह्या घरात भांडी घासलेली,
काळा झगा, रिबिनीची कडक टोपी.
भाषण चालू असतानाच उठली
आणि कुणाला न विचारता स्वयंपाकघराकडे निघाली,
डोळे मिटून, भिंतीला हात न लावता.
तिसऱ्या पावलाला अडखळली.
वाटेत काहीच नव्हतं.
तिला सपाटीची ठेच लागली होती.

इथे ढाळ होता, ती म्हणाली.
दूध सांडलं की आपोआप दाराशी जायचं.
मांजर तिथेच बसायची, वाट बघत.
इंजिनिअरनी समजावलं, पाया खचला होता, दोष होता तो.
वोर्शानं मान हलवली,
परक्या घरी हलवतात तशी.

त्या रात्री हान्द्री छिन्नी आणि चार पाचरी घेऊन
आत किती वेळ होता, ते वहीत नाही.
वहीवर सही माझी आहे.

होलानीच्या जागी आता तळं आहे.
कोळसा संपला, खड्ड्यात पाणी सोडलं,
रविवारी लोक शिडाच्या होड्या घेऊन येतात.
पाणी पाणसळीतल्यासारखं, अगदी सपाट.

परवा तीस वर्षांनी त्या घरात गेले, तिकीट काढून.
शाळेची सहल आली होती.
एका पोराच्या हातून गोटी निसटली,
स्वयंपाकघराच्या फळ्यांवर पडली, जरा थबकली,
आणि कुणी न ढकलता
दाराकडे निघाली.